हलकं वाटतंय, असं तू म्हणाली होतीस

प्रिय ताई,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तू होतीस तेव्हा आपण एकाच गोधडीत झोपायचो, पत्राची वेळ कुठून येणार? आणि तू गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. नंतर मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण कागद पुढ्यात घेतला तो आज. कारण सकाळी आईने मला एक प्रश्न विचारला. "थांब, चहा गाळून आणते," म्हणून मी उठले ती अजून तिच्यासमोर गेलेली नाही. चहा चुलीपाशी निवून गेला. आई ओटीवर बसली आहे, आणि मी मागच्या पडवीत मंजूची पाटी मांडीवर घेऊन, तिच्यावर कागद ठेवून तुला लिहिते आहे.

प्रश्न एवढाच होता. "कुसुम त्या दिवशी म्हणाली होती ना, 'आई, हलकं वाटतंय' म्हणून? तू तिथेच होतीस. खरं ना गं ते?"

तू म्हणालीस हे खरं. मी माझ्या कानांनी ऐकलं. पण तुला हलकं का वाटलं असेल ते आता मला कळलंय आणि आईला कळलेलं नाही. तिला काय सांगू? तुझ्याशिवाय हे विचारायला मला दुसरं माणूस नाही.

आधी माझं सांगते. तुझी परकर-पोलक्यातली शालू आता मुंबईला एका मेडिकल कॉलेजात काम करते. शिकवत नाही, शिकवणाऱ्यांसाठी काचपट्ट्या तयार करते. अवयवाचा तुकडा औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे अगदी पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे आणि रंगवायचे. मग विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून ते बघतात आणि वहीत रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढतात. तुला हसूच येईल. मला काकडीसुद्धा धड चिरता येत नाही म्हणून तू विळीवरून उठवायचीस मला.

माझं लग्न झालं. हे एका गिरणीच्या ऑफिसात असतात. आम्ही दोघंही दिवसभर घराबाहेर, म्हणून पाच वर्षांच्या मंजूला, माझ्या मुलीला, पनवेलला आईकडे ठेवलेली. अण्णा गेल्यापासून आई एकटी होती, तिलाही सोबत झाली. मी शनिवारी एसटीने यायची आणि सोमवारी पहाटे परतायची. असं सगळं बरं चाललं होतं बघ.

फलटण सोडून आपण इथे आलो ते आठवतं तुला? अण्णांना मिठागरावर नोकरी लागली म्हणून आलो. तिकडची कोरडी हवा आणि इथे भिंतींनासुद्धा घाम. तुला मात्र सगळं आवडलं होतं, खाडी, मिठाचे ढीग, गाढी नदीला भरतीचं पाणी चढतं तेसुद्धा. आईला यातलं काहीच आवडलं नाही. तिला ठमाबाई भेटली नसती तर ती आपल्याला घेऊन परत गेली असती, आणि मग... जाऊ दे. ठमाबाई कामोठ्याची, मिठागरावर कामाला यायची. तिने आईला तांदळाची भाकरी थापायला शिकवली. ज्वारीची सवय असलेल्या आईच्या हाताला ते पीठ काही केल्या वळेना. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले, आणि तू ते खाऊन म्हणालीस, "आई, काय छान झालीय गं." तशीच होतीस तू. आमटी खारट झाली तरी तुला छानच लागायची.

त्याच पावसाळ्यात तुला हिवतापाने धरलं. लढाईचे दिवस, क्विनाईन कुठे मिळेना. ताप येई, घामाने उतरे, पुन्हा येई. पावसाळा सरेपर्यंत तुझ्या पोटात डावीकडे, बरगड्यांखाली, गाठ हाताला लागायला लागली. आई घाबरली. ठमाबाईने बोटं टेकवून बघितलं आणि म्हणाली, "पानथरी वाढलीय पोरीची. घाबरू नको बाय, आमच्या सगल्या पोरांना हाय. मीठ तापव, फडक्यात बांध आनि दाबून दाबून शेक. दाबल्याबिगर ती उतरायची नाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिने स्वतःच्या पोरांना तसंच शेकलं होतं आणि ती पोरं मिठागरावर उड्या मारत होती. आम्ही डोळ्यांनी बघत होतो. मग आईने विश्वास ठेवला यात तिचं काय चुकलं?

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपार होती. तव्यावर जाडं मीठ तडतडत होतं. आईने ते अण्णांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलं, तुझ्या पोटाला एरंडेल चोळलं आणि शेकायला बसली. तुझा हात माझ्या वेणीशी खेळत होता. पोटात धोंडा बांधल्यासारखं जड वाटतं, म्हणून तू दोन दिवस कुशीवर वळली नव्हतीस. आईने तळहाताने जोर दिला. तुझा हात वेणीवर एकदा घट्ट झाला आणि सैल पडला. मग तू म्हणालीस, "आई, हलकं वाटतंय."

आईच्या तोंडावरचा आनंद मी विसरू शकत नाही. तुझ्या आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

थोड्या वेळाने तू पाणी मागितलंस. पुन्हा मागितलंस. मग म्हणालीस, डावा खांदा दुखतोय. आईला वाटलं एका कुशीवर पडून अवघडला असेल. हाताला एरंडेल होतंच, तिने खांदाही चोळला. तुझे ओठ पांढरे पडत गेले. दिवे लागायच्या आत तू गेलीस. अण्णा डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा त्यांना करायला काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, ताप मेंदूत गेला. आम्ही तेच धरून चाललो.

आणि आईने तुझं ते एक वाक्य धरलं. येईल त्याला सांगायची, "पानथरी उतरली होती हो तिची, हलकं वाटतंय म्हणाली. उपाय उशिरा सुरू केला मी, तेवढ्यात तापाने घात केला." पुढे शेजारच्या पोरांना ती शेकायला लागली. कुसुमला पुरला नाही तो उपाय दुसऱ्याच्या लेकराला तरी वेळेत मिळावा, असं तिचं. आसपासच्या गावांतून, ओव्याच्या, सुकापूरच्या बायका पोरं घेऊन यायच्या. ठमाबाईच सगळ्यांना सांगायची, "मास्तरीण बायच्या हाताला गुन हाय." अण्णा कधी मास्तर नव्हते, पण आई चष्मा लावायची म्हणून मास्तरीण. त्या पोरांपैकी एकालाही काही झालं नाही, ताई. ते का, हेच तर मला पुढे कळायचं होतं.

या वर्षी आमच्या सरांनी पानथरीच्या काचपट्ट्या मागितल्या. ते तिला प्लीहा म्हणतात, माझ्या मनात पानथरीच येतं. बकऱ्याची, कुत्र्याची आणि माणसाची, शेजारी शेजारी ठेवून दाखवायच्या होत्या. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या अवयवाला धरून ठेवणारं जे असतं ते नीट दिसत नाही. नुसत्या पेशींची गर्दी दिसते. त्यासाठी चांदीच्या क्षाराचं पाणी वापरावं लागतं. नाजूक काम, जरा वेळ चुकली की सगळी काच काळी. मला जमलं. भिंगाखाली धरलं आणि बघतच राहिले.

बाहेरून चिवट धाग्यांचं एक कवच. त्या कवचापासून आत जाड पट्टे गेलेले, घराला वासे असावेत तसे. आणि वाशांच्या मधल्या सगळ्या जागेत केसाहून बारीक काळ्या तंतूंचं जाळं, एकमेकांत गुंतलेलं, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतच नाही. सगळं रक्त त्या जाळ्यातून गाळलं जातं. ज्या बारीक वाटांतून रक्त परत शिरेकडे जातं त्यांच्याभोवतीसुद्धा हेच तंतू कड्यांसारखे वळलेले. पानथरी म्हणजे रक्ताने भरलेला मऊ गोळा, त्याला आकार आहे तो या धाग्यांमुळे. इतकं सुंदर होतं की मला तुझी आठवणसुद्धा आली नाही, खरंच सांगते.

मग सरांनी आणखी दोन काचा काढल्या, दोन्ही हिवतापाने मेलेल्या माणसांच्या. एक जुन्या तापाची. लहानपणापासून ताप येत राहिला की पानथरी आतून धाग्यांनी भरत जाते, कवच जाड होतं, सगळी घट्ट आणि निबर होते. दुसरी नव्या तापाची. ती घाईने फुगलेली असते, धागे वाढायला वेळच मिळालेला नसतो. कवच लाटून लाटून पारदर्शक झालेल्या पोळीसारखं, आतलं जाळं रक्ताने विस्कटलेलं आणि सगळीकडे तापाचे काळपट कण. सर मुलांना म्हणाले, "अशी प्लीहा साध्या धक्क्यानेही फुटते. तपासतानासुद्धा जोरात दाबू नका. कुत्र्याच्या प्लीहेत स्नायू भरपूर, ती आवळून घेते. माणसाची बापडी तेवढं आवळू शकत नाही. ताण एकदम जातो, रोग्याला क्षणभर बरंही वाटू शकतं. पुढे डावा खांदा दुखायला लागला की समजायचं, पोटात रक्त सांडतंय."

डावा खांदा. माझ्या हातात काचांची पेटी होती. ती मी टेबलावर ठेवली आणि जिन्यात जाऊन बसले.

ठमाबाईची पोरं याच खाडीवर जन्मली, रांगायला लागायच्या आधीपासून ताप काढलेली. त्यांच्या पानथऱ्या निबर. आईने आजवर शेकली ती सगळी तशीच. आणि तू फलटणच्या कोरड्या हवेतून आलेली, तुझा पहिलाच पावसाळा. दोघींनाही वाटलं, पोट म्हणजे पोट. त्यांना कुणी आणि कसं सांगायचं की आतलं जाळं वेगळं आहे?

मी आईला सांगितलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, अण्णाही गेले, तिच्यापाशी उरलंय काय? तुझं एक वाक्य आणि हाताला असलेला गुण. ते काढून घेऊन मी तिला काय देणार होते? इथे डासांवर औषध फवारायला लागल्यापासून ताप पुष्कळ कमी झालाय, शेकायला आता कुणी येत नसेल, अशी माझी मी समजूत घातली.

दिवाळीच्या सुमाराला पत्र आलं, मंजूला थंडी वाजून ताप येतो. मी रजा टाकून आले. दारातच मला मिठाचं तडतडणं ऐकू आलं.

मंजू चटईवर उताणी होती, फ्रॉक वर केलेला, पोटाला एरंडेल लावलेलं. आई तव्यावरचं मीठ फडक्यात ओतत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. पानथरी लागतेय हाताला. काळजी करू नको, आज दुसरा शेक. काल जरा हळूच केलं, आज नीट दाबते."

"आई, ठेव ते खाली."

"अगं, भाजत नाही तिला. आधी माझ्या हातावर बघते ना मी."

"दाबायचं नाही म्हणते ना. औषध देऊ, डॉक्टरकडे नेऊ."

"ने की. मी कुठे नको म्हणते? पण शेक तर होऊ दे. कुसुमला किती हलकं वाटलं होतं, विसरलीस?"

ती खाली बसली आणि तिने मंजूच्या पोटावर हात ठेवला. तोच हात, ताई. मी तो धरून ओढला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई तापाने नाही गेली. तिची पानथरी फुटली. तू दाबत होतीस तेव्हा फुटली."

दुसरं काही सुचायला हवं होतं ना? मीठ फार गरम आहे म्हणायचं, मंजू रडते म्हणायचं, उचलून घेऊन जायचं. इतकी पुस्तकांत वावरणारी मी, मला एक साधं खोटं वेळेवर सुचलं नाही.

आईने हात सोडवून घेतला. फडकं तव्यात ठेवलं, चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मग उठली आणि हात धुवायला गेली. किती वेळ धूत होती.

मंजू बरी आहे. डॉक्टरांनी कडू गोळ्या दिल्या, ताप थांबला, पानथरी हळूहळू उतरतेय. फवारणीवाल्यांना आईने सगळं घर दिलं होतं, फक्त देवघरात येऊ दिलं नाही, आणि मंजूचं अंथरूण नेमकं देवघराच्या दाराशी असतं. हे मी बोलले नाही. निदान तेवढं तरी नाही बोलले.

पण आईचं काय सांगू तुला? त्या दिवसापासून तिने भाकरी थापलेली नाही. रोज भात लावते. "पीठ संपलंय का?" म्हणून मी डबा उघडला तर भरलेला. उजवा हात पदराखाली घेऊन बसते. मंजूची वेणी घालत नाही, तिला न्हाऊ घालत नाही. मंजू गळ्यात पडायला जाते तर आई दोन्ही हात मागे घेते. पोर मला विचारते, "आजी माझ्यावर रागावलीय?" काल ठमाबाई आली होती, आता म्हातारी झालीय, नातवाला घेऊन आली. "मास्तरीण बाय, पोराचं पोट जरा बघतेस काय?" आई म्हणाली, "मला येत नाही आता." ठमाबाई हसली, "येत नाय कसं? तूच तर सगल्यांचं बघतेस." आई उठून आत गेली. मी ठमाबाईला काही सांगितलं नाही. तिने शिकवलं म्हणून तू गेलीस, असं त्या म्हातारीलाही सांगू का? कुणाकुणाला सांगत फिरू?

माझी मुलगी वाचली. त्याच्या बदल्यात मी आईला जिवंतपणी काय करून ठेवलं, ते ओटीवर बसलेलं आहे. कधी वाटतं, तिला ओरडता तरी येऊ दे. मला शिव्या देऊ दे. ती भिंतीकडे बघत बसते, आणि मला त्या दोन काचा आठवतात. माणूस निबर झालेला असता तर बरं झालं असतं. आई निबर झाली नाही, ताई. तुझ्या त्या वाक्याने तिला मऊच ठेवलं.

आज सकाळी ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली. आणि हाच प्रश्न विचारला.

ताई, रागावू नकोस, पण तू का बोललीस ते? तुला खरंच हलकं वाटलं का? सरांच्या म्हणण्याप्रमाणे वाटूही शकतं. कवचाचा ताण गेला, धोंडा उतरला, आणि आत रक्त सांडायला लागलं. की तुला कळ आली होती? माझ्या वेणीवर तुझा हात घट्ट झाला होता, तो कशाने? कळ आली, आणि आई इतका वेळ घाम गाळत बसलीय म्हणून, तिचं मन मोडू नये म्हणून, तू छान म्हणालीस? भाकरीच्या तुकड्यांना म्हणायचीस तसं? एकदा तरी "दुखतंय" म्हणायचं होतंस गं. आईने हात उचलला असता.

की तेव्हाही उशीरच झाला असता?

तुझी काच नाही माझ्याकडे. तुला तर आम्ही त्याच संध्याकाळी नेलं, गाढीच्या काठी. मी आयुष्यभर काप काढत बसले तरी मला तुझ्या पोटातलं ते एक क्षणभराचं दिसणार नाही. धागे कुठे तुटले, कधी तुटले, आईच्या हाताखाली की त्याच्या आदल्या दिवशीच थोडे थोडे, तू कूस बदलताना. मी आईला इतक्या खात्रीने सांगितलं, "तू दाबत होतीस तेव्हा." एवढी खात्री मला कुणी दिली? आणि हे तिला आता सांगितलं तर ती म्हणेल, माझ्या समाधानासाठी सांगतेस. तेही खरंच असेल.

ती फक्त एवढंच विचारते, की तू म्हणालीस ना. तिच्यापाशी तेवढंच राहिलंय. तिला कळलंय की तिच्या हाताखाली तू गेलीस, आणि तरी त्याच हाताने तुला क्षणभर आराम दिला असेल, एवढ्या एका गोष्टीवर ती बसली आहे. त्या आरामाचा अर्थ मी तिला सांगितला, तर तिच्या अंगात उभं राहायला काही उरणार नाही. आणि नाही सांगितला, तर रोज तिच्याकडे बघून मला हसावं लागेल. तुझं ते वाक्य मला आता ऐकवत नाही, ताई. मंजू खेळताना "हलकं" म्हणाली तरी मी उठून आत जाते.

आता उठते. चहा पुन्हा टाकते.

तुला शब्द देते. मी तिच्यासमोर जाईन आणि म्हणेन, "हो आई, म्हणाली होती. हसून म्हणाली होती." तू हसली नव्हतीस, मला माहीत आहे, तेवढं मी माझ्या पदरचं घालीन. ती उद्या विचारेल, परवा विचारेल, दर शनिवारी एसटीतून उतरल्यावर विचारेल, आणि मी दर वेळी हो म्हणेन. खांद्याचं कधी बोलणार नाही. आणि तिचा हात पदरातून काढून मी मंजूच्या पाठीवर ठेवीन, पोटावर नाही, पाठीवर. तिने मागे घेतला तर पुन्हा ठेवीन.

तुझं शेवटचं वाक्य मी कधी भिंगाखाली धरणार नाही. ते आईचं आहे.

तुझी,
शालू